दुपारच्या तुकडीची बाटली

संडासला जाण्याआधी हात धुणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आल्यावर तर सगळेच धुतात. हे जाण्याआधी साबण लावून कोपरापर्यंत धुवायचे आणि मग टमरेल उचलायचे. आमच्या कासारवाडीच्या आळीत बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "अहो, दिवसभर हाताला काय काय लागतं ते तुम्हाला ठाऊक आहे. ते नको त्या जागी लागलं म्हणजे?"

मला ठाऊक असणारच. पुण्यातल्या ज्या कॉलेजात ते केमिस्ट्रीचे प्रोफेसर होते, तिथल्याच प्रयोगशाळेत मी हमाल होतो. ॲसिडच्या बाटल्या मीच भरायचो. त्यांचं म्हणणं पटलं आणि त्या दिवसापासून मीही तसंच करायला लागलो, आज म्हातारपणीही करतो. त्या माणसानं माझं आणि माझ्या घराचं काय केलं ते पुढं येईलच. पण त्यांनी शिकवलेलं बरोबर होतं, ते मी बरोबरच म्हणणार. चौथी शिकलेला असलो तरी तेवढा न्याय मला कळतो.

स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील. पिंपरीला औषधाचा मोठा कारखाना उभा राहत होता, बाकी आमच्याकडं सगळी शेतंच. ह्या प्रोफेसर साहेबांचं लग्न झालेलं नव्हतं. पुण्यात पेठेत चुलत्याच्या घरी एक खोली होती, तिथं राहायचे. एक दिवस मला म्हणाले, "तुमच्या गावात खोली मिळेल का? केमिस्ट्रीचं पुस्तक कधी उघडलं नाही अशी माणसं मला शेजारी हवी आहेत."

मी म्हटलं, "साहेब, तसली तर आख्खी कासारवाडी हाय."

आमच्या पडवीला लागून वैरणीची खोली होती. ती मी शेणानं सारवून दिली. ते आले ते दोन ट्रंका आणि एक डिंकाची बाटली घेऊन. आठ दिवसांत आमच्या आळीनं त्यांचं नाव चिठ्ठीमास्तर ठेवलं, कारण ते दिसेल त्या वस्तूला चिठ्ठी चिकटवायचे. त्यांच्या फळीवर डबे होते. एकावर लिहिलेलं, "मीठ. चाखून पाहिले." दुसऱ्यावर, "साखर. चाखून पाहिली." तिसऱ्यावर, "पांढरी पूड. अजून चाखलेली नाही. कुणी चाखू नये." आमच्या मंडळींनी त्यांना एकदा लोणच्याची बरणी दिली. दुसऱ्या दिवशी तिच्यावरही चिठ्ठी. दत्तूनं, म्हणजे माझ्या धाकट्या भावानं, ती वाचून दाखवली, "लोणचे. असे ऐकले."

मंडळी भडकल्या. "ऐकले म्हंजी? माझं लोणचं काय अफवा हाय का?"

साहेब बाहेर आले, बोट बुडवून लोणचं चाटलं, डोळ्यांत पाणी आलं, आत गेले आणि चिठ्ठी बदलली. त्यांचं सगळं वागणं ह्या एका गोष्टीवर उभं होतं. स्वतः पाहिलं नाही ते सांगायचं नाही, आणि पाहिलं की तिथल्या तिथं लिहायचं. कोटाच्या उजव्या खिशात वही कायम. म्हणायचे, "आठवण म्हणजे फुटकी पखाल. घरी पोहोचेपर्यंत अर्धी गळते आणि आपण वरून आपल्याच विहिरीचं पाणी घालतो."

सायकल त्यांना येत नव्हती. कासारवाडीहून दापोडी, खडकी करत पुण्यापर्यंत मी सायकल मारायचो आणि ते मागं कॅरिअरवर, तेही उलट्या तोंडानं. पुढं तोंड केलं तर वाऱ्यानं वहीची पानं उडतात, म्हणून. त्या काळी डबल सीटला बंदी होती. पोलीस दिसला की दुसरा माणूस गुपचूप उतरून चालायला लागला असता. हे उतरायचे, चालत पोलिसापाशी जायचे आणि सांगायचे, "आम्ही दापोडीपासून इथपर्यंत डबल सीट आलो." पोलीस बिचारा हात जोडायचा. "जावा साहेब, मी काय बघितलं न्हाई." त्यावर हे, "तुम्ही पाहिलं नाही, पण मी बसलो होतो ना."

असा माणूस. सांगा, ह्याच्यावर विश्वास टाकायचा नाही तर कुणावर?

आणखी एक होतं. ते सगळ्यांना अहो म्हणायचे. कॉलेजात मला कुणी 'ए' म्हणायचं, कुणी 'अरे हमाल'. कालची मिसरूड फुटलेली पोरं 'काय रे' म्हणायची. हे एकटे अहो-जाहो करायचे. मी त्यांना आमच्या म्हशीलाही "अहो, जरा सरका" म्हणताना ऐकलंय. त्या एका अहोपायी मी त्यांची कामं डोळे झाकून केली. मान मिळायची सवय नसलेल्या माणसाला मान किती महागात पडतो, ते मला फार पुढं कळलं.

त्यांना केमिस्ट्री शिकवण्यापेक्षा दुसरंच वेड होतं. माणूस केमिस्ट्री शिकतो म्हणजे त्याच्या डोक्यात नक्की काय होतं, हे त्यांना शोधायचं होतं. आता पुष्कळ लोक असलं संशोधन करतात म्हणे, त्याला वेगळी पदं आणि खाती आहेत. तेव्हा सगळे हसायचे. दुसरे एक प्रोफेसर प्रयोगशाळेत सगळ्यांसमोर म्हणायचे, "अहो, सल्फ्यूरिक ॲसिड शिकवा! शेतकऱ्यांच्या बायकांना काय विचारत बसता?"

ते खरंच विचारायचे. मंडळी चहा करत होत्या. साहेब चुलीपाशी येऊन उकिडवे बसले. "वहिनी, ही साखर चहात विरघळली. दिसत नाही. मग तिचं वजन गेलं कुठं?"

"जातंय कुठं?" मंडळी म्हणाल्या. "चहा जड झाला."

"तुम्ही तोलून पाहिलंत?"

"साखर तोलूनच आणतो की दुकानातनं. वाण्यानं तोललेलं वजन मी चुलीवर घालवीन व्हय?"

साहेबांनी तिथंच मांडीवर वही ठेवून ते उतरवून घेतलं. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न बी.एस्सी.च्या वर्गाला घातला. निम्म्या पोरांनी लिहिलं, साखर विरघळली, वजन नाहीसं झालं. साहेब संध्याकाळी कॅरिअरवर बसून एकटेच हसत होते. मला वाटतं, ते मी पाहिलेलं त्यांचं सगळ्यांत मोठं सुख.

वर्गात मात्र पोरं त्यांना वैतागायची. ते उत्तर सांगायचेच नाहीत. पोरगं विचारायचं, "सर, हे बरोबर आहे का?" हे म्हणायचे, "तुम्हाला काय दिसलं?" पोरगं म्हणायचं, "पण पुस्तकात..." हे म्हणायचे, "पुस्तकानं तुमची नळी पाहिलेली नाही." आमच्या दत्तूला मात्र ते मानवलं. बाप गेला तेव्हा दत्तू सात वर्षांचा होता. त्याला मी वाढवला, मी शिकवला. माझी शाळा चौथीत सुटली ती सुटली, त्याची सुटू दिली नाही. त्या साली तो बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होता, आमच्याच कॉलेजात. आळीतला पहिला. लोक मला म्हणायचे, "राव, तुझा भाऊ त्या औषधाच्या कारखान्यात सायेब होनार." मी वरवर म्हणायचो, बघू. रोज रात्री झोपताना मात्र तेच डोळ्यांपुढं असायचं.

आता जे झालं ते सांगतो. त्याआधी एक चाल समजून घ्या.

प्रॅक्टिकलला एक प्रयोग असतो. उभ्या नळीतून ॲसिड थेंब थेंब खालच्या चंबूत सोडायचं. चंबूतला गुलाबी रंग गेला की थांबायचं आणि किती ॲसिड लागलं तो आकडा नळीवर वाचायचा. त्याला रीडिंग म्हणतात. परीक्षेत दोन तुकड्या. सकाळची तुकडी करून बाहेर आली की मैदानातल्या नळावर पाणी प्यायला जायची, दुपारची तुकडी तिथंच थांबलेली असायची. "किती आलं रे?" "साडेचोवीस." झालं. दुपारच्या तुकडीनं नळी धरायची ती देखाव्यापुरती. साडेचोवीस आधी लिहायचं आणि मग तसे थेंब सोडायचे. वर्षानुवर्षं हे चालू होतं. सगळ्यांना माहीत होतं, मास्तरांनाही.

साहेबांना हे सिद्ध करायचं होतं. कुणी नुसतं म्हणतं म्हणून नाही, त्यांना ते पाहायचं होतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी त्यांनी मला कपाटाआड बोलावलं. म्हणाले, "उद्या मधल्या सुट्टीत दुपारच्या तुकडीची मोठी बाटली भराल, तेव्हा चार मापं ॲसिड आणि एक माप पाणी घाला. रीडिंग साडेतीसच्या आसपास येईल. जो पाहील तो साडेतीस लिहील, आणि जो नळावर ऐकून येईल तो साडेचोवीस."

मी म्हटलं, "साहेब, परीक्षा विद्यापीठाची हाय."

"म्हणूनच. रोजच्या तासाला कुणाचं काय पणाला लागतं? मार्कांची काळजी करू नका. दुपारचे पेपर मीच तपासणार आहे. जो खरा आकडा लिहील त्याला पूर्ण मार्क. साडेचोवीसवाल्यांनाही मी नापास करणार नाही. मला फक्त मोजायचंय."

"दुपारी आमचा दत्तू हाय."

साहेब म्हणाले, "ठाऊक आहे. तुम्ही त्याला सांगणार नाही, याची मला खात्री आहे. ह्या कॉलेजात दुसऱ्या कुणाची मला ती खात्री नाही. आणि छापून येईपर्यंत हे तुमच्या-माझ्यातच राहायला हवं. कळलं की सगळा प्रयोग बाद."

छाती फुगली माझी. मी शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी मधली सुट्टी झाली. साहेब म्हणाले, "तुम्ही बाटली भरा. मी नळापाशी उभा राहतो, काय देवघेव होते ते मला बघायचंय." ते गेले. मी एकट्यानं बाटली भरली, चार मापं आणि एक माप. दिसेल त्याला चिठ्ठी लावणाऱ्या त्या माणसानं त्या बाटलीला तेवढी चिठ्ठी लावली नव्हती. तेव्हा ते माझ्या ध्यानात आलं नाही.

खिडकीतून मैदान दिसायचं. नळापाशी घोळका होता. दत्तू लांब लिंबाखाली बसून भाकरी खात होता. त्यानं मान वर केली, मला खिडकीत पाहिलं आणि हात हलवला. मी बाजूला झालो. एक शब्द त्याला सांगायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. नाही सांगितला.

दुपारी मी प्रयोगशाळेतच होतो. सगळ्यांचं वीस मिनिटांत उरकलं. दत्तूचं उरकेना. एकदा केलं, दोनदा, तीनदा. कपाळावर घाम. शेवटी हात वर केला. "सर, ॲसिड बरोबर आहे ना?"

साहेब त्याच्याजवळ गेले. "तुम्हाला काय दिसतं?"

"साडेतीस दिसतंय, सर. पण सगळे..."

"सगळ्यांची नळी तुमच्यासमोर आहे का?"

दत्तूनं साडेतीस लिहिलं. सबंध तुकडीत त्या एकट्यानं.

सकाळी येऊन गेलेले बाहेरगावचे परीक्षक संध्याकाळी पुन्हा आले. पेपरांचे दोन गठ्ठे टेबलावर होते. ते सहज म्हणाले, "सकाळचे तुम्ही बघा, दुपारचे मी घेतो," आणि दुपारचा गठ्ठा उचलून पिशवीत टाकला. मी तिथंच काचा पुसत होतो. मी साहेबांकडं पाहिलं. त्यांचं तोंड उघडलं, मग मिटलं. "ठीक आहे," म्हणाले.

परीक्षकांनी सकाळी स्वतः प्रयोग करून साडेचोवीस घेतलेलं होतं. दत्तूला त्या प्रयोगाला शून्य पडलं आणि तो प्रॅक्टिकलमध्ये नापास झाला. प्रॅक्टिकल नापास म्हणजे वर्ष नापास.

निकालादिवशी मी साहेबांच्या खोलीत गेलो. "साहेब, आता सांगा."

"सांगणारच आहे. लेख छापून येऊ द्या. आत्ता बोललो तर विद्यापीठ वह्या ताब्यात घेईल."

पण दत्तू थांबणाऱ्यातला नव्हता. त्याला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं, एवढंच ठाऊक होतं की त्यानं पाहिलेलं खरं होतं. त्यानं प्राचार्यांकडं अर्ज टाकला. दुपारची बाटली तपासा, म्हणाला. बाटली कपाटात होती, किल्ली माझ्या कमरेला. त्यांनी तपासली. आकडा आला साडेतीस.

तुम्हाला वाटेल, पोरगं सुटलं. मलाही वाटलं होतं.

प्राचार्यांच्या खोलीत तिघंजण बसले, प्राचार्य, ते सल्फ्यूरिकवाले प्रोफेसर आणि विद्यापीठाचा एक माणूस. साहेब बाजूच्या खुर्चीवर. मी उभा. दत्तू दाराशी. प्राचार्यांनी सरळ हिशोब मांडला. सबंध तुकडी साडेचोवीस म्हणते. एकटा साडेतीस म्हणतो. आता बाटली साडेतीस म्हणते. त्या एकट्याचा सख्खा भाऊ हमाल, आणि कपाटाची किल्ली त्याच्याकडं. म्हणजे भावाचं चुकलेलं रीडिंग खरं ठरावं म्हणून हमालानं निकालानंतर बाटलीत पाणी घातलं. दुसरा अर्थ काढायचा म्हणजे चांगल्या चांगल्या घरची सबंध तुकडी खोटी ठरवायची. तो कोण काढतो?

प्राचार्य मला म्हणाले, "बाटलीत पाणी तू घातलंस?"

"घातलं," मी म्हटलं. "परीक्षेच्या आधी."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

मी साहेबांकडं पाहिलं. ते चष्मा पुसत होते. वही उजव्या खिशात होती, खिसा फुगलेला मला दिसत होता. तीत तारीख, वेळ, चार मापं, एक माप, सगळं लिहिलेलं असणार. मी वाट पाहिली. ज्यानं काम सांगितलं त्यानं उठून म्हणावं, मी सांगितलं. नोकरानं मालकाकडं बोट दाखवायचं म्हणजे चहाडी, आणि चहाडी आमच्या घरात कुणी केलेली नाही. शिवाय शब्द दिला होता.

"बोल की रे," सल्फ्यूरिकवाले म्हणाले. "वाचा बसली का?"

मी गप्प.

प्राचार्य साहेबांकडं वळले. "बाटली भरताना तुम्ही होतात?"

"नाही. मी बाहेर नळापाशी होतो."

"म्हणजे ह्यानं पाणी कधी घातलं ते तुम्ही पाहिलेलं नाही."

साहेब म्हणाले, "पाहिलेलं नाही. बाटली यांनी भरली, एवढं मी सांगू शकतो."

यांनी म्हणाले. तिथंही मान सोडला नाही. आणि एक शब्दही खोटा बोलले नाहीत. मी नंतर कितीदा ते वाक्य उलटसुलट करून पाहिलंय, त्यात खोटं सापडत नाही. पोलिसापुढं न विचारता बोलणारा माणूस, त्या दिवशी विचारलं तेवढंच बोलला.

मला काढून टाकलं. दत्तूला गैरप्रकार म्हणून तीन वर्षं परीक्षेला बसायची बंदी झाली. जिन्यातून खाली येताना त्यानं मला विचारलं, "दादा, आधीच घातलं व्हतंस?" मी म्हटलं, व्हय. "का?" म्हटलं, ते साहेब सांगतील. त्यानं पुढं विचारलं नाही. पुण्यापासून कासारवाडीपर्यंत आम्ही सायकल हातात धरून चालत आलो.

साहेब त्याच आठवड्यात पुण्याला परत राहायला गेले. ट्रंका बैलगाडीत ठेवून झाल्यावर माझा हात हातात घेतला. "तुम्ही अगदी शांत राहिलात. तुमच्यामुळं निष्कर्ष वाचला. छापून आलं की मी स्वतः येईन." मी मान हलवली. काय समजायचं ते समजा, पण मी तेव्हाही थांबायला तयार होतो.

दीड वर्ष थांबलो. त्या दीड वर्षात मी पिंपरीच्या बांधकामावर विटा वाहिल्या. कारखाना सुरू झाला तसा दत्तू तिथं बाटल्या धुण्याच्या खात्यात लागला. ज्या कारखान्यात साहेब व्हायचं होतं, तिथं शिफ्टचा भोंगा झाला की डबा घेऊन जायचा. पोरींच्या बापांनी दोनदा सोयरीक मोडली. कॉलेजात चोरी करताना सापडला म्हणे, असं सुसगावपासून थेरगावपर्यंत पसरलेलं. चोरी नाही, कॉपी नाही, काय म्हणून सांगायचं लोकांना? मी भांडायचो, दत्तू मला ओढून आणायचा.

मग साहेब आले. नवा कोट, हातात विलायतेहून आलेलं पातळ पुस्तक. ओट्यावर बसले. दत्तू पहिल्या शिफ्टहून येऊन नुकताच पाय धूत होता. मंडळींनी पाणी दिलं, पण बोलल्या नाहीत. साहेबांनी पुस्तक उघडलं आणि इंग्रजीवरून मराठी करत वाचायला लागले. भारतातल्या एका कॉलेजात, परीक्षेआधी, लेखकाच्या सांगण्यावरून प्रयोगशाळेच्या नोकराने ॲसिडमध्ये पाणी मिसळले. नळावर आकड्याची देवाणघेवाण लेखकाने स्वतः पाहिली. सबंध तुकडीत एकाच विद्यार्थ्याने दिसले ते लिहिले.

मी उठून उभा राहिलो. "लिहिलंय? परीक्षेआधी, तुमच्या सांगण्यावरून, असं छापलंय?"

"अक्षर अन् अक्षर."

"मग चला. आत्ता प्राचार्यांकडं चला. पोराची बंदी उठंल."

साहेबांनी पुस्तक मिटलं. "प्राचार्यांना मी प्रत दिली. त्यांनी माझं अभिनंदन केलं."

"आन् दत्तूचं?"

"मी विषय काढला होता. ते म्हणाले, विद्यापीठाचा निर्णय झालेला आहे, फेरविचाराच्या अर्जाची मुदत कधीच टळली. शिवाय लेखात कॉलेजचं नाव नाही. संशोधनात नावं देत नाहीत."

दत्तू पाय पुसत पुढं आला. "मला एक सांगा, साहेब. तुमच्या पुस्तकात त्या पोराचं पुढं काय झालं, ते लिहिलंय?"

साहेबांनी प्रामाणिक उत्तर दिलं. दुसरं देताच आलं नसतं त्यांना. "नाही. तो ह्या लेखाचा विषय नव्हता." मग म्हणाले, "पण तुमचं निरीक्षण आता जगभर वाचतील. तिकडच्या लोकांनी मला पत्रं पाठवली आहेत."

दत्तू हसला. तसा तो फार दिवसांनी हसला. "जगाला सांगितलंत, साहेब. प्राचार्यांच्या खोलीत तिघंच व्हते."

साहेबांनी त्याच्याकडं पाहिलं, मग हात खिशाकडं गेला. वहीत काही लिहायचं होतं की काय कुणास ठाऊक. मंडळींनी कवाडातूनच सांगितलं, "आमच्यात बसून लिवायचं न्हाई आता. उठा."

ते उठले. मला नमस्कार केला, मंडळींना केला, दत्तूला केला. रस्त्याला लागले. पुढं ते फार मोठे झाले. शिकवण्याचं शिक्षण देणाऱ्या कुठल्याशा खात्याचे मुख्य झाले, परदेशी जाऊन आले, त्यांच्या हाताखाली लोक प्रोफेसर झाले. नळावरच्या आकड्याचा तो प्रयोग अजून शिकवतात म्हणे. मोठा माणूस होता, हे मी नाकारत नाही. भित्रा होता असं म्हणून मला सोडून देता आलं असतं. पण भित्रा नव्हता. त्याला त्या कागदापुढं आम्ही दिसलोच नाही.

त्या संध्याकाळी ते वळणाआड गेले आणि मी ओट्यावर मूठ आपटली. "लिहिता येतं, छापता येतं, तोंडानं बोलायला काय झालं व्हतं? बोलायला पायजे व्हतं त्यानं!"

दत्तू उंबऱ्यावर बसला होता. "पायजे व्हतं," म्हणाला.

"मग?"

"मग काय, दादा? कुणाच्या सांगण्यावरून घातलं, असं प्राचार्यांनी इचारलं, ते तुला इचारलं. साहेबाला न्हाई."

तो आत गेला. "वहिनी, भाकर वाढ," म्हणाला. त्या साध्या आवाजात राग नव्हता, काही नव्हतं.

त्यानंतर आम्ही भाऊ एकाच घरात राहिलो. त्याचं लग्न उशिरा का होईना झालं, पोरं झाली, तो कारखान्यातून रिटायरही झाला. बंदीची तीन वर्षं सरली तेव्हा मी म्हटलं होतं, बस आता परीक्षेला. तो म्हणाला, शिफ्ट हाय. माझं म्हणणं अजून तेच आहे, की बोलायचं त्या माणसानं होतं, माझी जागा बोलायची नव्हती. दत्तूनं मला पुन्हा एकदा विचारलं, तर मी त्याला हे नीट समजावून सांगीन. तो विचारत नाही.